आईचं पहिलं नाव

लग्नात नवरीचं नाव बदलायचं आणि ते बदलल्याचा एक चिटोराही ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. माझंही बदललं. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, बायका हसतात आणि जुनी मुलगी संपते. माहेरच्या नावानं कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, असं आईला तिच्या सासूनं बजावलं होतं. आईनं ते धर्माबादला, सासरी, तीस वर्षं पाळलं. मी पदवीधर, लातुरात शिक्षिका, तरी मलाही यात काही गैर दिसलं नव्हतं.

लातूरचा जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला, कचेरीच्या आवारातही टँकरचीच वाट. वडील वारलेले. आईला आधार एकच, चाकूरच्या शिवारातली माहेरची जमीन. आजोबांना मुलगा नव्हता. ती पाचसहा वर्षांची असतानाच त्यांनी चार एकर तिच्या नावावर करून ठेवले होते. ती जमीन तिचा चुलतभाऊ, म्हणजे माझा मामा, कसायचा आणि दरसाल ज्वारीची पोती पाठवायचा. मग त्यानं अर्ज केला, की कागदावरची बाई या गावात राहत नाही, जमीन कित्येक वर्षं मीच कसतो, आता माझं नाव लावा. गावातून कुणीतरी निरोप धाडला. आई एसटीनं लातूरला आली आणि म्हणाली, "तारीख हाय. चल."

पहिल्या तारखेला प्रांतसाहेबांच्या दारात शिपायानं एका बाईचा तीनदा पुकारा केला. कुणी उठलं नाही. बाई गैरहजर, असा शेरा पडला. मी सहज आईला विचारलं, "कोण गं ही बाई?"

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "मीच की."

माझा संताप झाला. तिच्यावर, सासूवर, त्या तांदळांवर. आणि लाजही वाटली. पंचवीस वर्षांची झाले होते आणि आईचं नाव मला ठाऊक नव्हतं. माहेरी तिला सगळे आक्काच म्हणत, म्हणून कधी विचारायचं सुचलंच नाही.

मी साहेबांच्या हातापाया पडून दुसरी तारीख मिळवली. त्यांनी पुरावा मागितला, की ही बाई आणि कागदावरची बाई एकच. शाळेचा दाखला? शाळा पाहिलीच नव्हती. लग्नपत्रिका? छापलीच नव्हती. ताटातले तांदूळ कुणीतरी भात करून खाल्ले असणार, म्हणजे होता तो पुरावाही पोटात गेलेला. व्हरांड्यात मामा भेटला. माणूस वाईट नव्हता. खाली बघत म्हणाला, "आक्का, मला ठाव हाय तू कोन ते. पर कागदाला ठाव न्हाई."

जुन्या जिल्ह्याच्या गावाहून ट्रकनं आलेल्या दप्तराच्या बस्त्यांतून आजोबांचा तो कागद सापडला. निजामाच्या काळातला, सगळा उर्दूत. कचेरीत तो कुणाला वाचता येईना, म्हणून एका निवृत्त पेशकारांना, निजामाच्या कचेरीतल्या जुन्या कारकुनांना, बोलावलं. म्हातारे गृहस्थ, जाड भिंगाचा चष्मा. कागद डोळ्यांशी नेऊन त्यांनी चतुःसीमा वाचायला घेतली. "मशरिक में," म्हणजे पूर्वेला, असं म्हणाले आणि पुसट अक्षरापाशी थांबले.

"नाला," कुणीतरी म्हणालं.

ती आई होती. उठून उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर सावरत, परवचा म्हणावा तसं एका लयीत ती पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा उरलेल्या सीमा म्हणू लागली, "मगरिब में कुंभार का खेत. शुमाल में गाडी का रास्ता. जुनूब में इमली के तीन दरख्त, बीचवाले के नीचे पत्थर."

पेशकारांचं बोट कागदावरून तिच्या मागोमाग सरकत होतं. शेवटी ते म्हणाले, "लफ्ज-ब-लफ्ज, साहेब."

खरं सांगायचं तर मला भीतीच वाटली. सही करता न येणारी माझी आई, सबंध कचेरीला न वाचता आलेला कागद तोंडपाठ म्हणत होती. साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलात? ती म्हणाली, "बापानं घोकून घेतलं. म्हनायचा, तुला भाऊ न्हाई, सीमा तरी पाठ असू दे."

साहेब मामाकडे वळले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "त्या चिंचा तोडल्या तवा मी लहान होतो, साहेब," तो म्हणाला. "आता शिवारात कुनालाबी म्हाईत न्हाईत. माझा अर्ज मी माघारी घेतो. आक्काच हाय ती."

साहेबांनी जमीन आईचीच, असा हुकूम सांगितला. कारकुनानं लिहून घेता घेता मान वर केली. एकाच बाईची दोन नावं कशाला, कुठलं ठेवू आणि कुठलं खोडू, असं त्यानं विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच आई पुढं झाली. "एकीला बापानं जमीन दिली," ती म्हणाली. "दुसरीनं तीस वरसं सासर वढलं, हिला शिकीवलं. कुनालाच खोडू नका."