बाबांची टाच

माझे बाबा माळी होते. वाशीमच्या बाहेर, विहिरीला लागून आमचा भाजीचा मळा होता. मोट सुरू झाली की बाबा अनवाणी वाफ्यांत उभे राहून पाणी फिरवत. टाचांच्या भेगा आणि बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या आमच्याकडे दुखण्यात मोडत नसत. त्या हंगामात मोडत.

एका हिवाळ्यात वाशीमला शेतीमालाचं प्रदर्शन भरलं. मोठे साहेब येणार होते. बाबांचे कांदे निवडले गेले, आणि कांद्यांच्या इभ्रतीसाठी बाबांनी करकर वाजणारा नवा जोडा घेतला. मांडवाशी पोचेपर्यंत तो जोडा टाचेला चावून मोकळा झाला होता. दाराशी पट्टेवाल्याचा हुकूम : देशी जोडे बाहेर काढा. विलायती बुटांना मात्र आत जायला मुभा होती. म्हणजे ज्या साहेबांच्या मानासाठी टाच सोलून घेतली, त्यांनी जोडा पाहिलाही नाही. साहेब प्रगतीवर पुष्कळ बोलले आणि कांद्यांपर्यंत येण्याआधीच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा फुटलेला फोड घेऊन पुन्हा चिखलात. थोड्याच दिवसांत पाय घोट्यापर्यंत सुजला, जखमेला वास येऊ लागला.

"बैल लंगडला तं लगेच दवाखान्यात नेता," माय म्हणाली. "सोताले कायले नेत नाही?"

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. बाबांना गाडीत घालून मी आणि माय दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, जातीनं ब्राह्मण. त्यांनी मला बाजूला घेतलं. "विष वर चढलं तर पाय कापावा लागेल. रोज धुऊन पट्टी बांधायला हवी." मग खाली बसून त्यांनी बाबांचा पाय हातात घेतला. बाबांनी तो चटका बसल्यासारखा मागे ओढला.

"डाक्टरसाहेब, तुमी माह्ये पाय धरता? हे पाप मले नको."

"पाय धरत नाही हो, जखम धुतो आहे."

"पन हातात तं पायच आला ना! मी धुतो माह्या हातानं."

"तुम्हाला टाच दिसते का?"

बाबांनी पाहायचा प्रयत्न केला आणि ते स्टुलावरून पडता पडता वाचले. तरी पाय पुढे करीनात. माझं सगळं वाचन तिथे कुचकामी ठरलं. शेवटी माय वैतागली.

"तुमी आंधी त्याह्यच्या पाया पडा, मंग त्याह्यले धरू द्या. झालं बरोबर!"

हा हिशेब बाबांना पटला. त्यानंतर रोज ते आधी वाकून डॉक्टरांच्या पायांना हात लावत आणि मगच आपला पाय पुढे करत. डॉक्टर बिचारे भांडं हातात घेऊन घाईतल्या देवासारखे उभे राहत. मग कोमट पाणी, जांभळं औषध, मेलेली कातडी कापणं, कोरडी पट्टी. घरी माय जुन्या लुगड्याच्या फडक्यानं बाबांच्या बोटांच्या बेचक्या टिपायची. ओल्या मातीत पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून पाणी मी फिरवत होतो. ते बांधावर चढलं की बाबा बाजेवरून ओरडत, "मास्तर, पानी वाफ्यात सोड, धुऱ्यावर काय शाळा भरवतं?"

जखम भरली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, "आता सैल वहाणा घाला, संध्याकाळी पाय धुऊन कोरडे करा, टाचा कुणाला तरी दाखवत जा. इथे यायची गरज नाही."

शेवटचं वाक्य बाबांनी ऐकलं नसावं. पुढे कितीतरी वर्षं ते बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन चालत वाशीमला जात आणि वाटेत दवाखान्यात थांबत. पाटी उतरवत, पाया पडत, पाय स्टुलावर ठेवत.

"दुखतं का?"

"नाही जी. पाहून घ्या."

मानपत्रं आणि हारतुरे मी आयुष्यात बरेच पाहिले, त्यातले थोडेच खरे वाटले. डॉक्टर मात्र खोळंबलेली रांग सोडून तो पाय हातात घेत, टाच उजेडाकडे वळवून नीट पाहत आणि म्हणत, "छान आहे. जा, बाजार भरला असेल."