नायरात लिहिलेला करार

आमच्याकडे कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघ असतात. आमच्या तालमीच्या संघात नायजेरियाचा एक बचावपटू होता. दुसऱ्या हंगामात त्याने दोनाऐवजी एकच डबा लावला आणि मला तालमीच्या खजिनदारांचा संशय आला.

संशय घ्यायला मला वेळ लागत नाही. शिवाजी पेठेत वडिलांचा छोटा छापखाना आहे. मी वाचायला शिकले ती कामगारांच्या पत्रकांवर, आणि त्या पत्रकांत ज्याच्या हातात किल्ली तोच दोषी असायचा. अपवाद माझ्या वाचनात आला नव्हता.

खजिनदार काका चांदीच्या धंद्यातले. हुपरीहून पैंजण आणून पेठेतल्या दुकानांना द्यायचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सराव संपला की मैदानाच्या पायरीवर ते खेळाडूच्या हातात पाकीट ठेवत. ते पाकीट बारीक होत चाललेलं मला दिसत होतं. एकदा मी त्याला आकडाच विचारला. सुरुवातीला मिळायचे त्याच्या एक तृतीयांशसुद्धा नव्हते. त्यातून तो तिकडे बहिणीच्या नर्सिंगची फी भरायचा, आणि उरलेल्यात इथे जेवायचा.

"पगार कापला का कुणी?"

"नाही," एवढंच म्हणून तो बुटाची नाडी बांधत राहिला. त्याचं ते तुटक बोलणं मी भीती समजले.

मी पत्रक लिहिलं. 'खेळाडूचा घाम, कुणाच्या खिशात दाम?' दोनशे प्रती निघाल्या. वडिलांनी शाई पुसत एकच विचारलं, "त्याचा करार बघितलास?" मला राग आला. तरी वाटण्याआधी बघू म्हणून, पत्रकांची पिशवी खांद्याला लावून काकांच्या दुकानात गेले.

"काका, त्याचा पगार किती ठरला होता?"

"तूच लिव्हलायस की." ते पैंजण तोलत होते, मान वर केली नाही. मग खणातून कागद काढून समोर टाकला.

अक्षर माझंच. गेल्या हंगामाआधीची बैठक आठवली. तालमीचे अर्ज, पत्रं मीच लिहायची, म्हणून मला बोलावलं होतं. सगळे रुपयांत आकडा म्हणत होते. मी उभी राहिले. माणूस त्याचा, घाम त्याचा, मग रक्कम त्याच्या पैशात का नाही? दरवेळी आपलाच रुपया कशाला? जुनीजाणती मंडळी खूश झाली. "बराबर हाय. पावण्याचा मान हाय त्यो." आणि करार झाला नायरात, त्याच्या देशाच्या चलनात.

"आता ऐक पोरी," काका म्हणाले. "आमच्यात माल वजनावर ठरतोय आन् पैसं त्या दिवशीच्या दरानं. ह्येचं बी तसंच केलंय. पैल्या रविवारी मोबाईलवर दर बघायचा, भागायचं, द्यायचं."

त्यांनी वही उघडली. प्रत्येक रविवारची तारीख, दर, रक्कम. पहिल्या ओळीत एका रुपयाला साडेपाच नायरा. पान उलटलं तसे नऊ, मग अकरा, आणि आता अठराच्या घरात. नायराची किंमत घसरत गेली, कागदावरचा आकडा तोच राहिला, आणि त्याचे रुपये वितळत गेले.

मी तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर एकेक जुना दर काढून पडताळला. एक तरी चुकलेला निघावा असं मनापासून वाटत होतं. भागाकार बहुतेक वेळा पूर्ण आकड्यात येत नव्हता. दरवेळी काकांनी वरचा आकडा धरून खेळाडूला जास्तच दिले होते.

"मग त्याच्यासाठी धरलेल्या रुपयांतले उरलेले कुठं गेले?"

"तालमीच्या खात्यावर. ह्ये पासबुक. चोर म्हणाय आलतीस व्हय? पिशवीत काय हाय?"

"पुस्तकं," मी म्हणाले. तत्त्वं सांगणाऱ्या माझ्या तोंडून हे किती सहज निघालं.

"त्याला कमी पडतंय हे दिसत होतं, तर बोलला का नाहीत?"

"मी कागदाला हात लावला असता तर तूच बोंब मारली असतीस, खजिनदारानं करार बदलला म्हणून. छापखाना घरचाच हाय तुमचा."

मी पैलवानासारखी चितपट झाले होते, पण खेळाडूला सांगायचं राहिलं होतं. संध्याकाळी मैदानावर त्याला वही, दर, सगळं समजावू लागले. त्याने थांबवलं आणि स्वतःचा मोबाईल दाखवला. प्रत्येक पहिल्या रविवारचा दर त्याने जपून ठेवला होता.

"हिशोब बरोबर आहे, मला माहीत आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "सही करताना मी रुपयांत द्या म्हणालो होतो. तू म्हणालीस, नायरातच तुझा फायदा आहे. मला वाटलं, तुला घसरण आधीच दिसत होती. तालमीवाल्यांनी सांगितलं आणि तू लिहिलंस, असंच मी धरलं."

म्हणजे मी खजिनदारांकडे बघत होते तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. ते तुटक बोलणं भीतीचं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी माझी चूक वाचून दाखवली. "उद्या नायरा वर गेला तर ही बया परत यील!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि सगळे हसले. काका म्हणाले, "रुपयात लिव्ह. भाषण नगो, नुसता आकडा." खात्यावर उरलेला फरक त्याला द्यायचा, हेही त्यांनीच मांडलं.

मी नवा करार लिहून पेनासकट त्याच्यापुढे धरला. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

"उद्या देतो. आधी दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतो."

डबेवाल्या मावशींची मुलगी बँकेत होती, तो तिच्याकडे गेला. मला झोंबलं. पण कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, हे मीच कितीतरी पत्रकांत लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला, सहीविना. 'फरक लवकरच देण्यात येईल' या माझ्या वाक्याखाली लाल रेघ होती, आणि समासात लिहिलं होतं, 'लवकर म्हणजे कधी?'

मी तारीख घातली. मग त्याने सही केली.