डब्यातले मोबाईल

भरीत करणाऱ्याच्या हाताचा धुराचा वास तीन दिवस जात नाही. साबण लावा, लिंबू चोळा, राहतोच. नानांच्या टोळीतले किस्सेही तसेच अंगाला चिकटत गेले. मला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणून लिहितोय.

नाना म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. हिवाळ्यात जळगाव-धुळ्याकडे भरीत पार्टीच्या ऑर्डरी घेतात. हाताखाली आमच्या वस्तीतली पोरं, आणि तीही निवडून, ज्यांच्यावर 'भाई'ची नजर आहे तीच! भाईचा फोन आला की पोरगं जायचं, मारामारी व्हायची, नाव पोलिसांत लागायचं. म्हणून नानांचा एकच नियम : कामावर आलं की मोबाईल तेलाच्या रिकाम्या डब्यात.

*

मी नववीतून शाळा सोडलेली. पहिल्या दिवशी आलो तेव्हा खिशात चाकू होता.

"तुनाजोडे चाकू शे का?" नानांनी विचारलं.

मी गारच पडलो! काढून दिला. वाटलं, आता हे पोलिसांना बोलावणार.

नानांनी धार पाहिली आणि चाकू परत माझ्याच हातात दिला. "वांगांले टोचा मार. नाहीतर भाजताना फुटतस."

संध्याकाळपर्यंत मी दोन पोती वांगी टोचली. तो चाकू अजून टोळीतच आहे. त्यानं आता कांद्याची पात चिरतात.

*

आमच्या टोळीतल्या गोल्ड्याचा वाढदिवस. चौकात मोठं फ्लेक्स : काळा गॉगल, मागे वाघ, खाली 'किंग इज बॅक'. बॅक कुठून, तर मामाच्या गावाहून, जामनेरहून!

आठवड्यानं तेच फ्लेक्स नानांनी ऑर्डरीवर आणलं आणि वांगी सोलायला जमिनीवर अंथरलं. सालं पडायला लागली, थेट गॉगलवर.

"नाना, माझ्या तोंडावर सालं?"

"मग उलटं कर ना भो! मी कुठं अडवलं?"

गोल्ड्यानं स्वतःच्या हातानं किंगला पालथा घातला.

*

धुळ्याची एक ऑर्डर. मळ्यात पोचलो तर पाहुणे बठ्ठे, एकूण एक पोलीस! कुणाची तरी बढती झाली होती. पहिल्याच पंगतीत बसले होते ते हवालदार, ज्यांनी गोल्ड्याला एकदा रात्रभर बसवून ठेवलं होतं.

टेन्शनमध्ये गोल्ड्यानं भरितात मिरचीचा ठेचा दोनदा टाकला.

हवालदारांनी पहिला घास घेतला. डोळ्यांतून धारा! पाणी पिऊन त्यांनी वर पाहिलं, गोल्ड्याला ओळखलं.

"बदला घेतो का रे?"

हवालदारांनी ताट पुढे केलं. "वाढ अजून."

परतताना टेम्पोत गोल्ड्या एकदम म्हणाला, "माझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं रे काही."

*

आणि हा मागच्या पौषातला. भर दुपार. भाजलेली वांगी बडगीत पडलेली. बडगी म्हणजे भरीत ठेचायची लाकडी डोणी. समोरासमोर दोघं उभे राहतात, एकाचं मुसळ वर तेव्हा दुसऱ्याचं खाली. लय तुटली की कुणाची तरी बोटं गेली! मी आणि गोल्ड्या ठेचत होतो.

डबा वाजायला लागला. गोल्ड्याला रिंगटोन कळली. भाई! एकदा, दोनदा, तीनदा. गोल्ड्याचं मुसळ थांबलं नाही.

थोड्या वेळानं भाई स्वतःच आला. बुलेटवर, मागे एक पोरगा, ओठावर नुकती लव फुटलेला.

"गोल्ड्याला न्यायला आलोय."

मला वाटलं, संपलं. नाना मात्र भाकरी थापणाऱ्या बायांशी बोलावं तसं शांत म्हणाले, "लई जाय त्याले खुशाल. पण त्यानी जागावर एक जण दे. बडगी आर्धी सोडतस नही."

भाईनं मागच्या पोराला मान हलवली. पोरानं चप्पल काढली, हात धुतले, मुसळ घेतलं. पहिलाच घाव माझ्या मुसळावर!

"असा नाही रे!" गोल्ड्या ओरडला. पोराच्या मागे उभा राहून त्यानं त्याचे दोन्ही हात धरले. "वर... खाली. ह्याचं वर गेलं की तुझं खाली."

भाईनं हॉर्न दिला. "चल रे!"

"भाई, हा कच्चा शे. शिकवून येतो."

परत हॉर्न. आता मान वर न करता तो पोरगाच बोलला, "भाई, तू हो पुढे. लय तुटते."

बुलेट गेली.

पुढच्या ऑर्डरीला डब्यात एक मोबाईल जास्त होता.