मंदाची उजवी पापणी

दिवेलागणीला माझी बायको, मंदा, आरशासमोर उभी राहून कुंकू लावते. आताशा त्याला तिचे दोन्ही हात लागतात. एका बोटानं ती कुंकू टेकवते आणि दुसऱ्यानं उजवी पापणी वर धरून ठेवते. सकाळी पापणी ठीक असते. दिवस कलला की तीही कलते.

पापणी अशी का पडते, ते डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. शरीराची राखण करणाऱ्या काही पेशी तिथे तयार होतात. आपल्याच शरीराचे नमुने तिथे त्यांना दाखवतात. जिला काहीच ओळखता येत नाही ती मरते, आणि जी आपल्याच माणसावर धावून जाते तिलाही तिथेच संपवतात. बहुतेक सगळ्या तिथेच मरतात, थोड्याच बाहेर पडतात.

"त्यातून एखादी चुकार निसटते," डॉक्टर म्हणाले, "आणि मग शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उठतं."

"म्हणजे माझ्याच पेशींना मी परकी?" मंदानं विचारलं.

मला त्या ग्रंथीचा राग येतो. एवढ्या जणींना मारलंस, इतकी निर्दय झालीस, तर पुरती तरी व्हायचं होतंस.

काल मी बाहेरून आलो तेव्हा मंदा पलंगावर बसली होती. तिचे दोन्ही डोळे मिटत आले होते. चाहूल लागताच तिनं घाईनं बोटानं एक पापणी उचलली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्हीच होय," ती म्हणाली, आणि पापणी सोडून दिली.