भरदिवसा लावलेलं दार

दादा गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला तिसऱ्या वक्त्यानेही माईकवरून सांगितलं, ‘संजय फार मनमिळाऊ होता.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा भाऊ मनमिळाऊ मुळीच नव्हता! तो असता तर तिथल्या तिथे उठून म्हणाला असता, ‘नाही. मला तुमच्यातले चौघंच आवडतात.’

आमच्या परळच्या चाळीत दिवसा दार उघडं ठेवायची रीत. दार लावलं म्हणजे घरात भांडण तरी असतं, नाहीतर माज तरी. दादा कामावरून आला की दार लावायचा. कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, हाका, सगळं एकदम अंगावर येतं म्हणायचा. ‘शिष्ट’ हे नाव शाळेपासून चिकटलं ते चिकटलंच. शेवटी डोकं फुटायला आलं तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे गेला. कान ठणठणीत निघाले. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडलं आणि पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं, दादाला ऑटिझम आहे, जन्मापासून.

इतकं खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी हा माणूस दारोदार जाऊन सांगून आला, ‘मी शिष्ट नाही, मला ऑटिझम आहे. दार लावतो त्याचा राग मानू नका.’ मी कपाळाला हात लावला. झालं... चाळीची माया उतू गेली! पूर्वी दार कोणी वाजवत नव्हतं, आता जो तो वाजवायला लागला. शेजारच्या कुसुमकाकू तर सकाळ-संध्याकाळ. ‘आता कसा वाटता रे, संजू? उतरला काय?’

‘काकू, ते उतरत नाही. तुम्ही गेलात की बरं वाटतं.’

काकू हसायच्या आणि संध्याकाळी पुन्हा यायच्या.

दादा गेला तो हिंदमाताच्या फुटपाथवर. छातीत कळ आली, भरदुपारी, साड्यांच्या दुकानांसमोर, एवढ्या माणसांत. बराच वेळ लोकांना वाटलं, पिऊन पडलाय. आणि भेटायला येणारे मला काय सांगतात? ‘सारखा दार लावून बसायचा ना... उघडं असतं तर कुणीतरी बघितलं असतं.’ अहो, रस्त्याला कुठलं आलंय दार? तिथे सगळं उघडंच होतं की! मला राग येतो, मग तो नाही हे आठवून रडू येतं, आणि रडून झालं की पुन्हा राग येतो.

परवा त्याची खोली आवरायला गेले. पाचजणी आत येऊन एकदम बोलत होत्या, त्यात पुन्हा दाराचा विषय निघाला. मी सगळ्यांना चहा दिला, बाहेर काढलं आणि भरदिवसा दार लावून कडी घातली. दाराकडे पाठ केलेल्या त्याच्या खुर्चीत बसले. गॅलरीतले आवाज लांब गेले. किती बरं वाटलं!

तेवढ्यात टकटक झाली. ‘गो, आता तुका पण झाला काय ता?’

‘हो, काकू,’ मी आतूनच म्हटलं. कडी काढली नाही.