चंद्रावतीच्या वणातले पाहुणे

समजा, तुमच्यासमोर मेणाचा एक ठोकळा आहे आणि त्यात मसुराच्या दाण्याएवढा माणसाच्या कातडीचा तुकडा बसवलेला आहे. त्याचे काप काढायचे आहेत, केसाच्या जाडीच्या पंधराव्या भागाएवढे. पंखा बंद करा. यंत्राचं चाक फिरवा. पात्यावरून कापांची नाजूक पट्टी सरकत येईल, ती ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडा. आणि नेमकी आता शिंक आली तर?

वेणूताईंना बावीस वर्षांत चाकावर हात असताना शिंक आलेली नाही.

उरणच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या घरातून त्या पनवेलच्या आमच्या प्रयोगशाळेत आल्या, त्या काचसामान धुवायला. काप काढणारे साहेब एकदा रजेवर गेले आणि ताई म्हणाल्या, “मी बघू?” पहिलीच पट्टी सुरकुती न पडता निघाली. “सुरमईच्या तुकड्या एकसारख्या पाडते मी. हा तर मेण हाय.” तेव्हापासून ते चाक त्यांचं.

गेल्या महिन्यात चंद्रावतीचा तुकडा आला. तिला रक्ताचा कॅन्सर होता. सहा वर्षांपूर्वी तिच्या भावाचा, कल्पेशचा, हाडांतला मगज, म्हणजे बोन मॅरो, तिला दिला आणि ती बरी झाली. तेव्हापासून तिचं रक्त भावाच्या पेशी बनवतात. पुढे पापलेट साफ करताना विळीने तिचा हात कापला. जखम भरली, पण वण जाड आणि ताठर होत गेला. डॉक्टरांनी तो काढला आणि तिने आनंदाने अभ्यासाला दिला.

मगजात तयार झालेल्या काही पेशी रक्तातून फिरत जखमेपर्यंत पोचतात. त्यांतल्या काही तिथे कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणतात असं मानतात. हे विणणं थांबलंच नाही, तर अवयव ताठर होतो. त्यालाच फायब्रोसिस म्हणतात. आता, वाय गुणसूत्र पुरुषाच्या पेशीत असतं. चंद्रावतीच्या वणातल्या एखाद्या पेशीत ते दिसलं, तर ती पेशी भावाच्या मगजातून आलेली.

पण मी घाईत स्वतःच काप काढायला गेले आणि अर्धा तुकडा फाडून बसले होते.

“मोनाली बाय, काय केलंस ह्यं?” ताईंनी ठोकळा उजेडात धरला. “आता हाय ते चार कापांपुरतं. हे गेले तर पोरीचा हात परत कापायचा? मी नाय कापू देणार.”

वणाची कातडी चिवट. ओल्या बर्फावर ठेवून मेण घट्ट आणि कातडी ओलाव्याने मऊ केली नाही, तर पात्याखाली भुगा होतो. आणि त्याच दिवशी सकाळपासून वीज नव्हती. फ्रीजमध्ये होतं ते नुसतं पाणी.

“मच्छी बाजारात जा. बर्फ आण. बोंबलाच्या टोपलीतला नको, नवी लादी फोडायला सांग.”

मी धावत जाऊन बर्फ आणला. ताईंनी ठोकळा त्यावर पालथा ठेवला आणि तासभर हलू दिला नाही. मग हाताने चाक फिरवलं. एक काप फाटला. दुसराही फाटला. ताईंनी श्वास रोखला, मीही. तिसरा आणि चौथा जोडीने सरकत आले. वीज नव्हती म्हणून कोमट पाणी मी थर्मासमधलं घातलं होतं. त्यावर ते पसरले तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, “आला बघ, पापडासारखा.”

आठवड्याने चंद्रावती आणि कल्पेश आले. वाय गुणसूत्राला चिकटणारा हिरवा रंग आम्ही कापांना लावला होता. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पेशींमध्ये मोजके हिरवे ठिपके चमकत होते.

“हे मी?” कल्पेश म्हणाला.

“तू नाय, तुझ्या पेशी,” ताई हसल्या.

“म्हणजे ताये,” कल्पेश बहिणीकडे वळला, “पापलेट तू साफ करायचीस आणि अर्धं काम माझं!”

“घरी चल, साफ करायला लावते,” चंद्रावतीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. सगळे खदखदून हसलो.

ते गेल्यावर ताई पुन्हा त्या ठिपक्यांकडे वाकल्या. भोवती कोलॅजनचे जाड धागे होते. भावाच्या पेशी तिथे पोचल्या होत्या, हे पक्कं. पण धागे कुणी विणले, हे एवढ्यावरून सांगता येत नव्हतं. चंद्रावतीच्या स्वतःच्या पेशीही तिथेच होत्या.

“बाय,” नजर न काढता ताईंनी विचारलं, “भावाची माणसं जखमेवर आली ती कामाला लागली, की नुसतीच बघत उभी राहिली?”