श्यामलाच्या गाडीतली टकटक

“वैनी, भास होतोय तुमाला,” ज्ञानू मिस्त्री म्हणाला, आणि बोलताना त्यानं श्यामलाकडं बघितलंसुद्धा नाही. तो बघत होता तिच्या नवऱ्याकडं, कृष्णातकडं.

उद्यमनगरातल्या त्याच्या गॅरेजात गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि इंजिन चालू होतं. आवाज खरंच येत नव्हता. चार महिने तिचा जीव खाणारी गाडी इथं आली की पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरीसारखी गप्प व्हायची.

“सकाळी येतो,” श्यामला म्हणाली. “घरातनं निघताना. टक टक टक असा. रंकाळा मागं पडला की बंद होतो.”

“म्हंजे गाडीला बी रंकाळ्याची हवा मानवती म्हणायची,” ज्ञानू म्हणाला.

कृष्णात हसला. मिस्त्री हसता तर तिनं मनावर घेतलं नसतं. नवरा हसला, ते तिला झोंबलं.

चार महिन्यांत ज्ञानूनं ऑइल बदललं होतं, टॅपेट दोनदा लावून दिले होते, इंजिनाखालची रबरं बदलली होती, टायमिंग चेनही नवी टाकली होती. दर वेळी तो कृष्णातला फोन करायचा. पतसंस्थेच्या टेबलावर बसून कृष्णात “बघ की, तुला काय वाटतंय ते” म्हणायचा, आणि संध्याकाळी ज्ञानूनं चक्कर मारून आणलेली गाडी घ्यायला गेल्यावर श्यामलाला कळायचं की आज काय काय निघालं. पहिल्या दिवशी ज्ञानूनं “मालकांचा नंबर सांगा” म्हटलं होतं आणि तिनं मुकाट्यानं नवऱ्याचा नंबर सांगितला होता. गाडी तिच्या पैशाची, तिच्या नावाची. त्या दिवशी आपली जीभ कुठं गहाण पडली होती, हे तिला अजून कळत नव्हतं, आणि तो राग ती दुसऱ्या कुणावर काढू शकत नव्हती.

“आता एकच ऱ्हायलंय,” ज्ञानू कृष्णातला म्हणाला. “इंजिन खोलायचं. पण खरं सांगू का सायेब, बारा वर्षांची गाडी. खोलल्यावर काय काय निघंल, कुणी सांगावं.”

इंजिन खोलायचं म्हणजे मोठा खर्च, हे श्यामलाला माहीत होतं. पण तिला भास होत होता ना, मग इंजिन कशासाठी खोलायचं होतं? हा प्रश्न तिनं विचारला, तेव्हा दोघंही एकदम दुसरीकडं बघायला लागले.

भास. वीस वर्षं श्यामला शिरोली एमआयडीसीतल्या एका ओतीव लोखंडाच्या फौंड्रीत हेच काम करत होती, आवाज ऐकायचं. ओतून, साफ होऊन आलेला बिडाचा प्रत्येक भाग तिच्या टेबलावर यायचा. ती छोट्या हातोडीनं त्यावर एकदा ठोकायची. भाग चांगला असला की घंटेसारखा वाजायचा. आत कुठं केसाएवढी चीर असली, की बद्द. मग खडूनं फुली, आणि तो भाग परत भट्टीत. तिच्या फुलीवर कुणी वाद घालत नसे. एकदा मोठ्या साहेबांनी घातला होता, तर त्यांच्यासमोर तो भाग कापून दाखवला गेला आणि चीर निघाली. त्या कानाला हा उद्यमनगरातला माणूस भास म्हणत होता.

घरी जाताना श्यामला गाडी चालवत होती. फुलेवाडीचा नाका आल्यावर कृष्णात म्हणाला, “आकारामचा फोन आलता.”

आकाराम त्याचा चुलतभाऊ, कबनूरला त्याचे कापडाचे माग होते.

“त्याला सुताचे कोन न्यायला-आणायला गाडी पायजे. म्हणाला, हाय तशी घेतो. आवाजासकट. रविवारी येतोय.”

श्यामलानं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

“तुमी काय सांगितलं?”

“काय सांगणार? ये म्हटलं. शब्द दिलाय.”

“गाडी माझ्या नावावर हाय.”

“मग सही करशीलच की. मी काय चोरून विकतोय व्हय? डोक्याचा ताप गेला म्हणायचं. चार महिने झालं, घरात दुसरा विषय न्हाय. टकटक, टकटक. मलाबी आता झोपंत ऐकू यायला लागलंय.”

“आणि सकाळी सातच्या शिफ्टला मी जाऊ कशानं?”

“मी सोडीन.”

“तुमचे डोळे साडेसातला उघडत्यात.”

“मग दुसरी शिफ्ट माग. न्हायतर बास की आता नोकरी. वीस वर्षं झाली.”

तो सहज बोलला, खिडकीतून बाहेर बघत, जणू दूध आणायचं राहिलंय असं सांगावं तसं. कारखान्याची बायकांची बस दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. गाडी गेली की पहिली शिफ्ट गेली, आणि दुसऱ्या शिफ्टला तपासणीचं टेबलच नव्हतं. तिनं वीस वर्षांत कमावलेलं सगळं त्या टेबलावर होतं. हे कृष्णातला माहीत नव्हतं असं नाही. त्यानं ते मोजलंच नव्हतं. तिनं गिअर टाकला तो इतक्या जोरात, की तो दचकून पुढं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी सव्वासहाला तिनं गाडी सुरू केली. टक टक टक. शेजारी तानाबाई बसली होती. ती फौंड्रीतच ग्राइंडरवर काम करायची आणि त्या कर्कश आवाजात तिचे कान निम्मे गेले होते.

“ऐकू येतंय का गं?” श्यामलानं ओरडून विचारलं.

“मला काय ऐकू येणार बाई,” तानाबाई म्हणाली. “पण तू म्हणतीस म्हंजे असंल.”

चार महिन्यांत एवढं एकच माणूस तिच्या बाजूनं बोललं होतं, आणि तेही निम्मं बहिरं.

दुपारी फौंड्रीत गडबड होती. ट्रक दारात उभा होता. नवा सुपरवायझर, पृथ्वीराज, कॉलेजातून ताजा निघालेला, त्यानं एक अख्खी ट्रॉली तिच्या टेबलाजवळ ढकलत आणली. भागांमधून अजून धग येत होती.

“ताई, एवढे लगेच बघून द्या.”

“गार होऊ देत.”

“ताई, ट्रक थांबलाय.”

“थांबू दे की. गरम माल वाजवून काही कळत न्हाय. तापलं की बीड फुगतं, चीर मिटून जाती. आत्ता वाजवला तर खणखणीत वाजंल, आणि गार झाल्यावर गिऱ्हाइकाकडं जाऊन...”

ती मध्येच थांबली. पृथ्वीराज वाट बघत उभा होता. श्यामला हातातल्या हातोडीकडं बघत होती.

सकाळी गाडी गार असते. टकटक येते. रंकाळ्यापर्यंत ती तापते, आवाज मिटतो. फुलेवाडीवरून उद्यमनगरात पोचेपर्यंत इंजिन चांगलंच तापलेलं असतं. चार महिने ती ज्ञानूकडं गरम माल घेऊन जात होती. कारखान्यात कुणी असं केलं असतं, तर तिनं त्याची सगळ्यांसमोर अब्रू काढली असती. आधी तिला स्वतःचाच राग आला. मग तिच्या लक्षात आलं, मिस्त्री ती नव्हती, ज्ञानू होता. ‘गाडी रात्री ठेवून जावा, सकाळी गार असताना बघतो’ एवढं एक वाक्य त्याला चार महिन्यांत सुचलं नव्हतं, कारण ती सांगते तसा आवाज असेल असं त्यानं एकदाही धरून चाललं नव्हतं.

संध्याकाळी तिनं गाडी गॅरेजात लावली.

“सकाळी आठला येते. मी आल्याशिवाय सुरू करायची न्हाय.”

“बरं. चावी ठेवा.”

“चावी मी नेणार.”

“वैनी, सकाळी गाड्या भाईर काढायला लागत्यात. झाडलोट असती.”

“मग ढकला. न्यूट्रलला ठेवलीय.”

रिक्षानं ती घरी गेली. कृष्णातनं विचारलं, गाडी कुठं आहे. ती म्हणाली, गॅरेजात. त्याला वाटलं आकारामसाठी धुवायला टाकली असेल, आणि तो खूश होऊन टीव्ही बघायला बसला. तिनं त्याचा गैरसमज दूर केला नाही.

शनिवारी तिनं रजा टाकली. आठला ती पोचली तेव्हा ज्ञानू चहा पीत होता आणि गाडी ढकलून दारात काढलेली होती. तिनं बॉनेट उघडलं, हात लावून बघितलं. गार. मग ती आत बसली आणि चावी फिरवली.

टक टक टक टक.

ज्ञानूनं कप खाली ठेवला. समोरच्या टायरवाल्यानंही मान वर केली. ज्ञानू उठला, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ऐकायला लागला.

“टॅपेटच की हो,” तो म्हणाला. “मी पयल्यापासनं...”

“टॅपेट तुमी दोनदा लावले. हिकडं बघा.” तिनं इंजिनातला धूर सायलेन्सरकडं नेणाऱ्या बिडाच्या जाड नळीकडं बोट दाखवलं. “हे. मॅनिफोल्ड. बिडाचं हाय. चिरलंय.”

“वैनी, ते काय असं चिरत न्हाय.”

“काढा.”

“आता?”

“आता. मी हितंच बसते.”

तासाभरानं मॅनिफोल्ड निघालं. वरच्या अंगानं ते धड दिसत होतं. श्यामलानं ते फडक्यानं धरून एका हातात अधांतरी तोललं, ज्ञानूच्या बाकड्यावरची हातोडी उचलली आणि एकदा ठोकलं. बद्द. तिनं ते उलटं केलं. खालच्या बाजूला काजळीची बारीक काळी रेघ होती, वेणीतून निसटलेल्या केसासारखी.

ज्ञानूनं नखानं ती रेघ खरवडून बघितली. बराच वेळ खरवडली.

“ह्ये तर कुणालाच नसतं घावलं,” तो शेवटी म्हणाला.

“मला घावलं की.”

नवं मॅनिफोल्ड जवळच्याच दुकानातून आलं, दुपारपर्यंत बसलंही. गाडी पुरती गार होईपर्यंत ती तिथंच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. ज्ञानू दोनदा म्हणाला, “जावा आता, काय काळजी करू नका.” ती हलली नाही. चार वाजता तिनं चावी फिरवली. टकटक नव्हती.

“आता माझ्या मालकांना फोन लावा,” ती म्हणाली. “दर वेळी लावता तसा. स्पीकरवर.”

ज्ञानूनं लावला.

“सायेब, घावला बघा आवाज. मॅनिफोल्ड चिरलंतं. काढलं शोधून.”

“बघ, मी म्हणत हुतो,” कृष्णातचा आवाज आला. “ज्ञानूच्या हातात हाय ते.”

श्यामलानं हात पुढं करून फोन बंद केला.

“परत लावा.”

“वैनी, आता...”

“परत लावा, आणि झालं तसं सांगा.”

टायरवाला काम सोडून उभाच होता. ज्ञानूनं पुन्हा फोन लावला. “सायेब,” तो म्हणाला. “वैनींनी शोधलं. आवाज हुता. पयल्यापासनं हुता. आमी... मी ऐकलं न्हाय.”

पलीकडून कृष्णात म्हणाला, “बरं झालं की मग. आकाराम खूश हुईल, चांगली गाडी मिळाली म्हणून. उद्या किती वाजता बोलवू त्याला?”

श्यामला फोनवर वाकली.

“जेवायला बोलवायचं तर बोलवा. गाडी मिळणार न्हाय म्हणून आत्ताच सांगा. तुमी न सांगितलं तर मी सांगते, माझ्याकडं नंबर हाय त्यांचा.”

“अगं, पण शब्द...”

“शब्द तुमचा हाय. गाडी माझी हाय.”

तिनं ज्ञानूच्या टेबलावरचं आपल्या गाडीचं कार्ड ओढून घेतलं, कृष्णातचा नंबर खोडला आणि वर आपला लिहिला. पेन कागदातून आरपार गेलं.

घराकडं निघाली तेव्हा गाडी लोण्यासारखी चालत होती, पण तिचे हात स्टिअरिंगवर आवळलेलेच होते. चार महिन्यांचा राग एका नळीच्या चिरीबरोबर निघून गेला नव्हता. घरी कृष्णात म्हणणार होता, झालं की आता, कशाला वाढवतीस. तिला वाढवायचं होतं. “बास की आता नोकरी” हे तो खिडकीतून बाहेर बघत बोलला होता. ते त्यानं आता तिच्याकडं बघून बोलायला हवं होतं. फुलेवाडीच्या नाक्यावर सिग्नल नव्हता, तरी ती क्षणभर थांबली, काय काय बोलायचं ते मनात पहिल्यापासून लावून घेतलं, आणि मग वळली.